आधी पलंग, मग फरशी: ऑलिन्थसच्या पद्धतीने गोट्यांची नक्षी कशी बसवावी

प्राचीन ग्रीक घरातली फरशी करायला घेतली की हात आधी चित्राकडे जातो. घोडा, सिंह, लाटांची किनार काढून होते आणि मग ते सगळं खोलीत कसंबसं कोंबलं जातं. हिशेब उलटा धरावा लागतो. ग्रीक घरात नक्षीची फरशी मुख्यतः एकाच खोलीची असते, ती म्हणजे आंद्रोन, पुरुषांच्या मेजवानीची खोली. तिथे पाहुणे पलंगावर कोपर टेकून, आडवे होऊन जेवायचे. पलंगाच्या मापावरून खोली ठरते, खोलीवरून मधला चौक आणि चौकावरून चित्र.

नमुना म्हणून ऑलिन्थस घ्या. उत्तर ग्रीसमधल्या खाल्किदिकीतलं हे शहर. त्याची उत्तर टेकडीवरची आखीव वस्ती इ.स.पू. ४३२ नंतर उभी राहिली आणि इ.स.पू. ३४८ मध्ये मॅसेडोनचा राजा दुसरा फिलिप याने शहर उद्ध्वस्त केलं. मधली जेमतेम ८४ वर्षं. शहर पुन्हा नीट वसलं नाही, त्यामुळे इथली घरं नंतरच्या बांधकामाखाली गाडली गेली नाहीत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डेव्हिड रॉबिन्सन यांनी १९२८ ते १९३८ या काळात चार हंगाम खोदून शंभरावर घरं मोकळी केली. ग्रीक माणूस कसा राहायचा याचा इतका भरघोस पुरावा दुसरीकडे क्वचितच एका जागी मिळतो.

घराचा नकाशा

कागदावर साधारण १७ मीटरचा चौरस काढा. १:५० च्या प्रमाणात तो ३४ सेंमी येतो. दोन रस्त्यांमधल्या एका ठोकळ्यात अशी १० घरं असत. पाच-पाचच्या दोन रांगा, पाठीला पाठ, आणि मधून पावसाचं पाणी वाहून जाण्यापुरती अरुंद बोळ. घराच्या मधोमध किंवा दक्षिण अंगाला उघडं अंगण ठेवा. अंगणाच्या उत्तरेला पूर्व-पश्चिम पसरलेली लांब ओसरी, तिला पास्तास म्हणतात. राहण्याच्या खोल्या त्या ओसरीच्या मागे, उत्तरेला. वाडा पाहिलेल्या माणसाला ही मांडणी परकी वाटणार नाही. फरक एवढाच की इथे चारही बाजूंना पडवी नसते आणि ओसरीची दिशा बदलता येत नाही.

ती का बदलता येत नाही ते उन्हाच्या कोनात दिसतं. ऑलिन्थस सुमारे ४०.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरच्या मध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून साधारण २६ अंशांवर असतो, जूनमध्ये ७३ अंशांवर. ओसरीच्या छताची कड ३ मीटर उंच धरा. हिवाळ्यात ऊन ६ मीटर आत जातं, म्हणजे ओसरी ओलांडून मागच्या खोलीच्या दारापर्यंत. उन्हाळ्यात ते ९० सेंमीवर थांबतं. ग्रीक लेखक झेनोफॉनने तत्त्वज्ञ सॉक्रेटिसच्या तोंडी नेमकं हेच घातलं आहे: घराचं तोंड दक्षिणेला असलं की हिवाळ्यात ऊन ओसरीत येतं आणि उन्हाळ्यात ते डोक्यावरून जाऊन सावली देतं. नकाशा काढताना ओसरी अंगणाच्या दक्षिण बाजूला टाकली, तर घर दिसायला ग्रीक राहील पण वागायला नाही.

भिंतींचा खालचा गुडघाभर भाग दगडगोट्यांचा, वर कच्च्या विटा, त्यावर गिलावा आणि माथ्यावर भाजलेली कौलं. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस सांगतो की ग्रीक लोक खाजगी घरांना चार तळव्यांची चौरस वीट वापरत, म्हणजे सुमारे ३० सेंमी, आणि सार्वजनिक इमारतींना पाच तळव्यांची. सांधे एकावर एक येऊ नयेत म्हणून अर्ध्या विटाही पाडत. विटा वसंतात किंवा शरदात पाडाव्यात आणि दोन वर्षं वाळवाव्यात, असंही तो बजावतो. भर उन्हाळ्यात पाडलेल्या विटेची वरची साल आधी सुकते, आतला गाभा नंतर आकसतो आणि वीट तडकते. खालचं जोतं वगळून विटा थेट जमिनीवर रचल्या तर ओल वर चढते आणि भिंत बुडातून खचते.

या भिंती फोडायला सोप्या होत्या. ग्रीक भाषेत चोराला एक शब्द ‘तोइखोरिखोस’, म्हणजे भिंत उकरणारा. आपल्या घरफोडीच्या अगदी जवळचा. इ.स.पू. ४३१ मध्ये प्लाटिया या ग्रीक शहराच्या लोकांनी रस्त्यावर न येता, घरांच्या सामाईक भिंती आतून फोडून एकमेकांना गाठलं आणि शहरात घुसलेल्या शेजारच्या थीब्स शहराच्या सैनिकांवर हल्ला केला. लाकडाचं मोल मात्र इतकं की त्याच वर्षी अथेन्सभोवतीच्या अटिका प्रांतातले लोक गावं सोडून अथेन्सला गेले तेव्हा घरांचं लाकूडकामही उचकटून सोबत घेऊन गेले.

पलंगाचा हिशेब

आंद्रोन बहुतेक वेळा बाहेरच्या भिंतीला लागून, अंगणातून किंवा छोट्या पुढच्या खोलीतून आत जाता येईल असा ठेवतात. पलंगाची लांबी १.८५ मीटर आणि रुंदी ८५ सेंमी धरा. सात पलंगांची खोली ही नेहमीची.

मांडणी भिरभिऱ्यासारखी असते. एका कोपऱ्यातून निघा, भिंतीला लागून दोन पलंग एकापुढे एक लावा. भिंतीचे उरलेले ८५ सेंमी म्हणजे पुढच्या भिंतीवरच्या पहिल्या पलंगाची रुंदी. म्हणून भिंतीची लांबी = २ × १.८५ + ०.८५ = ४.५५ मीटर. चारही भिंतींना हेच माप येतं, आणि म्हणूनच खोली चौरस निघते. अकरा पलंग हवे असतील तर दोनच्या जागी तीन घाला: ६.४० मीटर.

आता दार. चार भिंतींवर दोन-दोन म्हणजे आठ जागा, त्यातली एक दाराला जाते. दाराच्या भिंतीवर आधी एक पलंग, मग १.८५ मीटरची मोकळी जागा आणि मग शेजारच्या पलंगाची ८५ सेंमी रुंदी. त्या मोकळ्या जागेचा मध्य भिंतीच्या मध्यापासून बरोबर ५० सेंमी बाजूला पडतो. दार मुद्दाम मधोमध काढून पाहा: १ मीटरच्या दाराच्या दोन्ही अंगांना १.७७ मीटर उरतात आणि १.८५ चा पलंग कुठेच बसत नाही. लाकडी पलंग केव्हाच कुजून गेले. तरी खोदकामात बाजूला सरकलेलं दार आणि भिंतीलगतचा उंच पट्टा दिसला की ही मेजवानीची खोली आहे हे कळतं, ते या साध्या बेरजेमुळे.

तो पट्टा पलंगांसाठी असतो: चुन्याच्या कोब्याचा, मधल्या जमिनीपेक्षा थोडा उंच. रुंदी पलंगाएवढी किंवा किंचित जास्त आणि उंची ४ सेंमी ठेवा. दारासमोर पट्टा तोडा. दोन्ही बाजूंचे ८५-८५ सेंमी वजा जाता मधला चौक २.८५ मीटरचा मिळतो. नक्षीची जागा एवढीच, आणि दारासमोरच्या तुटलेल्या भागात पायपुसण्यासारखा एक छोटा तुकडा. पट्ट्याखाली नक्षी घालणं म्हणजे पलंगाखाली रांगोळी काढणं.

पाहुणे चौकाच्या तीन-चार बाजूंनी बसत असल्यामुळे एकाच बाजूने सुलट दिसणारं मोठं चित्र फसतं. ऑलिन्थसच्या एका घरात पेगासस या पंखांच्या घोड्यावर बसून किमेरा या राक्षसी प्राण्याला भाल्याने मारणारा पुराणकथेतला वीर बेलेरोफोन मधल्या वर्तुळात आहे आणि बाकी जागा किनारींच्या वलयांनी भरली आहे. ‘सुदैवाचा बंगला’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घरात मधे दारूचा देव डायोनिससचा रथ आहे आणि भोवती मेनाड आणि सॅटिर या त्याच्या नाचणाऱ्या अनुयायांची पट्टी. त्यामुळे प्रत्येक पलंगासमोर काहीतरी येतंच.

चौकाला उतार लागतोच. जेवण झाल्यावर फरशी धुतली जायची. शिवाय पेल्यातला गाळ नेम धरून उडवण्याचा कोत्ताबोस हा खेळ रंगला की दारू सगळीकडे सांडायची. काही आंद्रोनांत पाणी जायला भोकही ठेवलेलं आहे. दर मीटरला १ सेंमी उतार पुरतो. त्याहून जास्त दिला तर चित्र कललेलं दिसतं.

सरावाचा तुकडा

पूर्ण चौक म्हणजे ८ चौ. मीटरवर काम आणि तीस हजारांच्या पुढे गोटे. पहिल्यांदा ९० सेंमीचा चौरस करा. मधे चार आऱ्यांचं चाक (हा ऑलिन्थसचाच नमुना) आणि भोवती लाटांची किनार.

माती ३० सेंमी खोल काढा, तळ ओला करून धुम्मसाने ठोका. थरांचा क्रम व्हिट्रुव्हियसचा घ्यायला हरकत नाही. तो रोमन, पण पद्धत तीच. त्याच्या हिशेबात सर्वात खाली मुठीएवढे दगड. त्यावर तीन भाग खडी आणि एक भाग चुना, ठोकून झाल्यावर सुमारे २२ सेंमी. त्यावर तीन भाग सुरखी (विटांचा चुरा) आणि एक भाग चुना, किमान ११ सेंमी. सरावाच्या तुकड्याला एवढी जाडी नको:

दगड १० सेंमी: सुमारे ८० लिटर.
खडी-चुना ८ सेंमी: खडी ९० लिटर, चुना ३० लिटर. ठोकल्यावर बरंच दबतं.
सुरखी-चुना ४ सेंमी: सुरखी ३६ लिटर, चुना १२ लिटर.
वरचा बसवणीचा थर अडीच सेंमी: दोन भाग बारीक चाळलेली सुरखी आणि वाळू, एक भाग चुना. हा एकदम कालवू नका, लागेल तसा घ्या.

चुना भिजवलेला आणि मुरलेला हवा. तयार पावडर आणली तरी आठवडाभर पाण्याखाली ठेवा आणि बारीक चाळणीतून गाळून घ्या. न विझलेली कणी राहिली तर ती बसवल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी ओल घेऊन फुगते आणि वरचा गोटा उडवते. फरशीवर वाटाण्याएवढे खड्डे दिसले तर कारण बहुधा हेच. कळीचा चुना घरी विझवत असाल तर चष्मा आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय जवळ जाऊ नका, आणि चुन्यात पाणी न ओतता पाण्यात चुना टाका. डोळ्यात गेलेला चुना दृष्टी घेतो.

खडीचा थर ठोकताना घाई नको. धुम्मसाचा आवाज सुरुवातीला भद्द येतो, दबत गेला की टणक होतो. आवाज बदलेपर्यंत ठोकायचं. पाणसळ लावून पातळी बघा, गोणपाट पसरून आठ-दहा दिवस पाणी मारा, मग सुरखीचा थर. तो अर्धवट घट्ट झाल्यावर खिळ्याने तिरप्या रेघा ओरबाडा, म्हणजे वरचा थर पकड धरेल.

गोटे

ऑलिन्थसच्या फरशीत काळसर निळी जमीन आणि तिच्यावर उजळ आकृत्या असतात, अधूनमधून तांबडा, पिवळा, हिरवट खडा. त्या काळच्या मडक्यांवर काळ्यात तांबडं उठतं, तसंच इथे काळ्यात पांढरं. महाराष्ट्रात ही जोडी नदीच्या पात्रात सहज दिसते: काळ्या दगडाचे गुळगुळीत गोटे आणि पांढरी गारगोटी. विकत घ्या, समुद्रकिनाऱ्यावरून उचलू नका. ग्रीसमध्ये किनाऱ्यावरचे गोटे उचलल्याबद्दल दंड होतो. शिवाय समुद्रातल्या गोट्यांना मीठ असतं आणि फरशीवर पांढरा लोणा फुटतो.

९० सेंमीच्या चौरसात सुमारे ४,००० गोटे बसतात, वजनाने ३० किलो. आणायचे ४० किलो, कारण चौथा हिस्सा निवडीत बाद होतो. तीन चाळण्यांनी वेगळे करा: ८ ते १० मिमी रेघांसाठी, १२ ते १५ मिमी भरावासाठी, त्याहून मोठे बाजूला. लांबट गोटे घ्या आणि उभे रोवा, चपटी बाजू शेजाऱ्याला लागून. आडवा ठेवलेला गोटा छान दिसतो पण टाचेखाली निघून येतो. सगळे धुवा आणि बसवण्याआधी भिजवून ठेवा. कोरडा गोटा चुन्यातलं पाणी शोषतो, भोवती भुकटी होते आणि तो बोटाने हलवला तरी सुटतो.

आखणी आणि बसवणी

गुण्या लावून चौरस तपासा, कर्ण मोजा; दोन्ही १२७ सेंमी आले पाहिजेत. बाहेरून आत: पांढरी कड ४ सेंमी, लाटांचा पट्टा १२ सेंमी, पांढरी रेघ २ सेंमी. आत ५४ सेंमीचा चौक उरतो, त्यात ५० सेंमी व्यासाचं चाक. धाव आणि आरे ४ सेंमी जाड, मधला तुंबा ८ सेंमी.

लाटा अंदाजाने काढत गेलात तर शेवटच्या कोपऱ्यात अर्धी लाट उरते. पट्ट्याच्या मध्यरेषेची एक बाजू ७० सेंमी आहे, म्हणजे १० सेंमीच्या बरोबर ७ लाटा, चारही बाजूंच्या मिळून २८. कोपऱ्यातल्या लाटा आधी आखा, मग मधल्या. सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला फिरलं पाहिजे.

बसवणीचा थर एका वेळी ३० × ३० सेंमीएवढाच पसरा, म्हणजे नऊ घास. चुना सावकाश घट्ट होतो, पण गोटे रोवायला योग्य असा मऊपणा दोन-तीन तासच टिकतो, आणि एका घासात साडेचारशेच्या आसपास गोटे येतात. नक्षी ओल्या थरावर टोकाने कोरून घ्या. क्रम असा: आधी आकृतीची बाह्यरेषा लहान गोट्यांनी, मग आकृतीचं पोट, मग आकृतीला लागून बाहेरून काळ्याची एक ओळ रेषेच्या वळणानेच, आणि सर्वात शेवटी उरलेली जमीन. ही बाहेरची काळी ओळ वगळली तर चाकाची कड दातेरी दिसते. जुन्या फरशांत आकृत्या रेखीव वाटतात त्यात या एका ओळीचा वाटा मोठा आहे.

गोटा दोन तृतीयांश आत जायला हवा. बोटाने रोवा, मग एक सपाट फळी ठेवून लाकडी हातोडीने हलके ठोका आणि फळीवर पाणसळ ठेवून पाहा. चुना गोट्यांच्या माथ्यावर आला तर थर फार जाड किंवा फार पातळ कालवला आहे. ओल्या स्पंजाने लगेच पुसा. दुसऱ्या दिवशी तीच साय खरवडावी लागते. घास संपला की कडेचा उरलेला थर थापीने उभा कापून टाका. निमुळती कड तशीच राहू दिली तर पुढचा घास तिच्यावर चढतो आणि जोडावर भेग पडते.

काम झाल्यावर ओलं गोणपाट, वर सावली, निदान तीन आठवडे. त्या काळात कोणीही वर उभं राहायचं नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड बनतो, आणि त्याला ओलही लागते आणि वेळही. उन्हात सुकवलेली फरशी वरून कडक आणि आतून पीठ असते.

पट्ट्या आणि चौकोनी तुकडे

गोट्यांनी बारीक रेघ येत नाही. नाक, बोट, केसांची बट तिथे अडते. मॅसेडोनच्या पेल्ला शहरात, इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस, कारागिरांनी यावर उपाय काढला: सिंहाच्या शिकारीच्या आणि डायोनिससच्या फरशीत बाह्यरेषेला भाजक्या मातीच्या किंवा शिशाच्या पातळ पट्ट्या उभ्या रोवल्या. तुम्ही कौलाच्या पातळ चकत्या कापून वापरा, शिसं विषारी आहे. तिथल्याच हरणाच्या शिकारीच्या फरशीवर ‘ग्नोसिसने केलं’ अशी सही आहे. तिच्यातल्या अंगांना लहान-मोठ्या आणि उजळ-गडद गोट्यांनी उठाव दिला आहे, आणि तो जमला आहे.

पुढे इ.स.पू. तिसऱ्या शतकात कापलेल्या चौकोनी तुकड्यांची पद्धत आली. दुसऱ्या शतकात डेलोस बेटावर ती इतकी बारीक झाली की डायोनिससच्या घरातल्या चित्रात काही तुकडे मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे आहेत. तो वेगळा हातखंडा आहे. गोट्यांवर हात बसल्याशिवाय तिकडे वळू नये.

नक्षी नको असेल तर

व्हिट्रुव्हियसने ग्रीकांच्या हिवाळी जेवणघराची एक स्वस्त फरशी नोंदवली आहे, आणि ती करायला नक्षीपेक्षा खूप सोपी आहे. जमीन दोन फूट खोल काढून ठोकायची. तळाला खडी-चुन्याचा किंवा विटांच्या चुऱ्याचा थर द्यायचा, दोन्हीकडे उतार ठेवून पाणी एका नाळीतून बाहेर काढायचं. त्यावर कोळसा भरून पायाने तुडवून दाबायचा. वरून वाळू, चुना आणि राख कालवून अर्ध्या फुटाचा थर, तोही पट्टी आणि पाणसळ लावून. शेवटी घासण्याच्या दगडाने पृष्ठभाग घासला की काळी, गुळगुळीत जमीन तयार होते. पेल्यातून सांडलेली किंवा तोंडातून थुंकलेली दारू पडल्या-पडल्या शोषली जाते. आणि वाढपी नोकर अनवाणी फिरले तरी त्यांच्या पायांना गारठा लागत नाही, हेही तो आवर्जून लिहितो.